गच्चीवरचे सोलर आणि त्यामागचे कागद : बडोद्यातील ग्राहकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात आणि आसपासच्या गावांत घरांच्या गच्च्यांवर सौर संच बसवण्याचे काम मी अकरा वर्षे करतो आहे. पॅनेल कोणते घ्यावे हे मला आता फारसे कोणी विचारत नाही. मीटर कधी येणार, फाइल कुठे अडली, बिलावरचे नाव चुकले आहे त्याचे काय करायचे, हेच प्रश्न रोज येतात. उत्तरे बहुतेक ठरलेली असतात, म्हणून ती येथे एकत्र लिहून ठेवली आहेत. जिथे दोन प्रश्नांचा विषय एकमेकांत शिरतो, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरावर सोलर बसवायचे तर नेमकी कोणाकोणाची परवानगी लागते?

स्वतःच्या स्वतंत्र घरावर १० किलोवॅटपर्यंतचा संच बसवायचा असेल, तर मुख्य परवानगी एकाच ठिकाणची लागते, ती म्हणजे वीज वितरण कंपनीची. अर्ज पीएम सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर लाइट बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून करावयाचा असतो. त्यानंतर नोंदणी, ठेकेदाराची निवड, कंपनीशी करार, प्रत्यक्ष बसवणी, मीटरची चाचणी, पाहणी आणि नेट मीटर (घरात आलेली आणि घरातून बाहेर गेलेली वीज दोन्ही मोजणारे मीटर) अशा क्रमाने काम पुढे सरकते. अर्जासोबत अलीकडचे लाइट बिल, आधार, घराच्या मालकीचा पुरावा म्हणून चालू वर्षाचे वेराबिल, म्हणजे घरपट्टीचे बिल, किंवा दस्तऐवज आणि गच्चीचा फोटो तयार ठेवावा. कमी उंचीच्या नेहमीच्या स्ट्रक्चरसाठी महानगरपालिकेची वेगळी परवानगी आम्हाला आजवर काढावी लागलेली नाही. उंच स्ट्रक्चरची गोष्ट निराळी आहे आणि ती प्रश्न ९ मध्ये आली आहे. कारखाने, शाळा, रुग्णालये यांच्या मोठ्या संचांना विद्युत निरीक्षकाकडून नकाशे मंजूर करून घेऊन, संच चालू करण्यापूर्वी त्याची तपासणीही करून घ्यावी लागते. घरगुती लहान संचासाठी परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडतात.

२. अनुदान किती मिळते आणि ते कोणाच्या खात्यात जमा होते?

अनुदान मिळते ते पीएम सूर्यघर योजनेतून. केंद्र सरकारची ही योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये असे गणित आहे. म्हणजे २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये. त्यापुढे संच कितीही मोठा केला तरी आकडा ७८,००० वरच थांबतो. ही रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात थेट जमा होते, ठेकेदाराच्या नव्हे. 'अनुदान आम्ही परस्पर वळते करून घेऊ' असे कोणी सांगत असेल, तर त्याचा नेमका अर्थ करारात लिहून घ्यावा.

एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. अनुदानासाठी पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्राची) क्षमता यांपैकी जी कमी असेल ती धरली जाते. ५४० वॅटची सहा पॅनेल म्हणजे ३.२४ किलोवॅट होतात. सोबत ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर असेल तर पूर्ण ७८,००० मिळतात. पण जागेअभावी पाचच पॅनेल बसली तर क्षमता २.७ किलोवॅट होते आणि इन्व्हर्टर ३ चा असला तरी अनुदान ७२,६०० रुपयांवर येते. हा फरक अर्ज करण्याआधीच ग्राहकाला सांगणे हे ठेकेदाराचे काम आहे, आणि न सांगितल्यास पुढे होणाऱ्या वादात चूक ठेकेदाराचीच असते.

३. पॅनेल दोन दिवसांत बसतात, मग सगळे मिळून दोन-तीन महिने का लागतात?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आणि बहुधा रागाने विचारला जातो, आणि तो राग रास्त आहे.

गच्चीवरचे काम खरोखरच दोन दिवसांचे असते. पहिल्या दिवशी स्ट्रक्चर आणि अर्थिंगचे खड्डे, दुसऱ्या दिवशी पॅनेल, इन्व्हर्टर आणि वायरिंग. बाकीचा सगळा काळ कागदांत जातो. अर्ज ऑनलाइन असला तरी अनेक ठिकाणी त्याच कागदांचा छापील संच उपविभाग कार्यालयात द्यावा लागतो. ई-स्टॅम्पवरचा करार दोन्ही बाजूंच्या सह्यांसाठी फिरतो. मीटर प्रयोगशाळेत चाचणीला जाते. पाहणीला येणाऱ्या अभियंत्याकडे त्याच दिवशी फिडरचे बिघाड, नवी जोडणी आणि थकबाकीची कामेही असतात. देशात घरगुती सौर संच सर्वाधिक बसतात ते गुजरातेत. अर्ज कैक पटींनी वाढले, पण कार्यालयांतली माणसे त्या मानाने वाढलेली दिसत नाहीत. खिडकीपलीकडच्या माणसावर सगळा दोष टाकणे मला म्हणूनच पटत नाही.

तरीही एक गोष्ट मनाला लागते, ती म्हणजे हप्त्याहप्त्याने निघणाऱ्या त्रुटी. एका निवृत्त शिक्षकांच्या घराचे काम आम्ही डिसेंबरच्या अखेरीस पूर्ण केले. फाइल पहिल्यांदा परत आली ती नावातल्या फरकासाठी. तो दुरुस्त करून दिल्यावर कळले की फोटोवर जिओटॅगचे अक्षांश-रेखांश स्पष्ट दिसत नाहीत. तोही फोटो पुन्हा काढून दिला, तेव्हा जोडलेले वेराबिल मागील वर्षाचे असल्याचे सांगण्यात आले. तिन्ही त्रुटी पहिल्या दिवशीच दिसण्याजोग्या होत्या, पण प्रत्येक वेळी शेरा एकाच त्रुटीचा होता, तोही फाइलच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेला, आणि मी स्वतः जाऊन पाहिल्याखेरीज कळत नव्हता. मधल्या काळात उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, आले. आसपासच्या गच्च्यांवरून तुटलेला मांजा स्ट्रक्चरच्या पट्ट्यांना गुंडाळला गेला होता, आणि ते गृहस्थ स्टुलावर उभे राहून कात्रीने तो कापून काढत होते. अजून एक युनिटही न दिलेली पॅनेल ते दर रविवारी ओल्या फडक्याने पुसत असत. मीटर आले मार्चमध्ये. त्यांच्याकडे मान वर करून बघणे मला त्या अडीच महिन्यांत जड गेले.

म्हणून आम्ही आता अर्ज भरण्याआधीच सगळे कागद एकदा समोर ठेवून तपासतो आणि नावात किंवा पत्त्यात फरक असेल तर तो मिटेपर्यंत पॅनेलची ऑर्डर देत नाही. ग्राहकाला सुरुवातीला हा उशीर वाटतो.

४. कायद्यात पंधरा दिवसांची मुदत आहे असे वाचले. मग ती पाळली का जात नाही?

मुदत खरोखरच आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांबाबतच्या २०२० च्या केंद्रीय नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जासाठी तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी, म्हणजे तिथली वीजयंत्रणा हा संच पेलेल का हे पाहणे, याची गरजच उरलेली नाही. सर्व बाबतींत परिपूर्ण असलेला अर्ज स्वीकारला गेला असे मानले जाते. त्याहून मोठ्या संचासाठी ही तपासणी आधीच्या २० ऐवजी १५ दिवसांत करावयाची असते, आणि त्या मुदतीत उत्तर आले नाही तर मंजुरी मिळाली असे धरले जाते. संच बसल्यानंतर तो कार्यान्वित करून देण्याची मुदतही ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आणली आहे.

सगळी मेख 'सर्व बाबतींत परिपूर्ण' या तीन शब्दांत आहे. मुदतीचे घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर नव्हे, तर अर्ज परिपूर्ण ठरल्यावर सुरू होते, आणि तो परिपूर्ण आहे की नाही हे ज्यांना मुदत पाळावयाची आहे तेच ठरवतात. तिसऱ्या प्रश्नात सांगितलेल्या प्रकरणात फाइल तीनदा परत आली. प्रत्येक वेळी घड्याळ पुन्हा शून्यावर गेले आणि कागदोपत्री एकाही दिवसाचा उशीर झालेला दिसत नव्हता. माझे स्पष्ट मत असे आहे की अर्ज आल्यापासून ठरावीक दिवसांत सगळ्या त्रुटी एकाच वेळी आणि लेखी कळवण्याचे बंधन नियमातच असावयास हवे, आणि त्या मुदतीत न कळवलेली त्रुटी पुढे काढता येऊ नये. तोवर आपल्या हातात इतकेच आहे की प्रत्येक कागद पोच घेऊन द्यावा, त्रुटी तोंडी सांगितली गेली तर त्याच दिवशी ईमेलने 'आपण आज अमुक त्रुटी सांगितली, ती दूर करून कागद सोबत जोडला आहे, याखेरीज अन्य त्रुटी असल्यास कळवावे' असे लिहावे, आणि पोर्टलवरच्या स्थितीचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवावा. पुढे तक्रार करावी लागली (प्रश्न १५) तर हीच टिपणे उपयोगी पडतात.

५. आधारवर आणि लाइट बिलावर नाव थोडे वेगळे आहे. एवढ्याशा फरकाने अर्ज अडतो का?

अडतो, आणि बडोद्यातल्या मराठी घरांत हा प्रकार इतरांहून जास्त आढळतो. जुनी बिले गुजराती पद्धतीने नोंदलेली असतात; आडनाव आधी येते आणि नावामागे 'भाई' किंवा 'बेन' लागलेले असते. आधारवर मात्र तेच गृहस्थ 'राव' असतात, किंवा नुसत्या नावाने असतात. एकाच घरात बिलावर 'भाई', वेराबिलावर 'राव' आणि बँकेच्या पासबुकात दोन्ही नाही, अशी तीन रूपे मी पाहिली आहेत. आडनावांच्या इंग्रजी स्पेलिंगचाही असाच घोळ होतो. गायकवाड, जाधव, पवार ही नावे प्रत्येक कार्यालयाने आपापल्या कानाप्रमाणे लिहिली आहेत.

फरक केवळ 'भाई'पुरता असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र बहुधा पुरते. मात्र आम्ही ग्राहकांना सुचवतो की लाइट बिलावरचे नाव आधारप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे, कारण पोर्टलवरचे नाव बिलावरून उचलले जाते आणि अनुदान जमा होताना बँक खात्यातले नाव त्याच्याशी जुळावे लागते. प्रतिज्ञापत्राने अर्ज पुढे जातो, पण अनुदान शेवटच्या टप्प्यावर अडकलेली प्रकरणे मी पाहिली आहेत.

६. बिल अजून सासऱ्यांच्या नावावर आहे आणि ते हयात नाहीत. अर्ज कोणी करावा?

आधी बिलावरचे नाव बदलून घ्यावे लागते. मृत व्यक्तीच्या नावाने अर्ज करू नये. त्यासाठी मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडून मिळणारा पेढीनामा, म्हणजे आपल्याकडची वंशावळ, आणि इतर वारसांचे संमतिपत्र लागते. वारसांपैकी कोणी पुण्याला किंवा परदेशात असेल तर संमतिपत्र येईपर्यंत महिना सहज जातो, म्हणून हे काम ठेकेदार शोधण्याच्याही आधी सुरू करावे. घर कोणाच्या नावावर व्हावे हा प्रश्न कुटुंबात सुटलेला नसेल, तर सोलरच्या निमित्ताने तो उकरला जातो हेही मी पाहिले आहे. अशा घरात आम्ही काम घेण्याची घाई करत नाही.

७. आमचा मंजूर भार ३ किलोवॅट आहे. ५ किलोवॅटचा संच बसवता येईल का?

येईल. प्रश्न ४ मधल्या नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी मंजूर भार आवश्यक तेवढा वाढवून देण्याची जबाबदारी कंपनीची आहे. भार वाढल्यावर बिलातला स्थिर आकार वाढू शकतो, हे हिशेबात धरावे. गुजरातेत साधारणपणे ६ किलोवॅटपर्यंत सिंगल फेज जोडणी असते. त्यापुढे थ्री फेज करावी लागते आणि इन्व्हर्टरही त्या प्रकारचा घ्यावा लागतो.

मात्र 'येईल' म्हणून मोठा संच बसवू नये. १ किलोवॅटपासून दिवसाला सरासरी ४ युनिटे धरली तर ५ किलोवॅटची दोन महिन्यांची निर्मिती १,२०० युनिटांच्या आसपास जाते. घरात तेवढा वापर नसेल तर उरलेली वीज कंपनीकडे जाते, आणि २०२१ च्या राज्य सौर धोरणात घरगुती ग्राहकाच्या अशा शिल्लक युनिटासाठी २ रुपये २५ पैसे हा दर ठरला होता. आपण विकत घेतो त्या युनिटाच्या दरापेक्षा तो बराच कमी आहे. गेल्या वर्षाची सगळी बिले समोर ठेवून, मे-जूनचा वापर आणि थंडीतला वापर दोन्ही पाहून क्षमता ठरवावी.

८. 'ट्रान्सफॉर्मरवर जागा नाही' असे सांगितले. आता काय?

हे उत्तर तोंडी मिळाले असेल तर ते लेखी मागावे. ५ किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी वितरण यंत्रणा, गरज पडल्यास ट्रान्सफॉर्मरसह, स्वतःच्या खर्चाने सक्षम करणे हे नियमाप्रमाणे कंपनीचे काम आहे. ग्राहकाकडून त्याचे पैसे मागता येत नाहीत, आणि जागा नाही या कारणावर अर्ज नाकारणेही बसत नाही. अडचण खरी असू शकते हे मी नाकारत नाही. एका गल्लीत वर्षभरात पंधरा संच बसले की दुपारी व्होल्टेज वाढते आणि इन्व्हर्टर आपोआप बंद पडू लागतात. पण ती यंत्रणा सुधारण्याची अडचण आहे, सोळाव्या घराची चूक नव्हे.

९. गच्ची वापरात राहावी म्हणून पॅनेल आठ-नऊ फुटांवर हवी आहेत. त्यासाठी महानगरपालिकेची परवानगी लागते का?

बडोद्यात ही मागणी स्वाभाविक आहे. अगाशीवर पापड वाळतात, उन्हाळ्यात अंथरुणे पडतात आणि उत्तरायणाला सगळे घर वर असते. उंच स्ट्रक्चर हे पॅनेल धरून ठेवणारा उघडा सांगाडा असेल तोवर सहसा कोणी हरकत घेत नाही. अडचण सुरू होते ती खाली पत्रा मारला, बाजूने जाळी किंवा काच लावली आणि तिथे खोली झाली की. मग ते सौर संचाचे स्ट्रक्चर राहत नाही, वाढीव बांधकाम ठरते, आणि त्याला बांधकाम नियमावली लागू होते. 'आधी पॅनेल लावू, पत्रा नंतर मारू' असे सांगणाऱ्या ग्राहकाला मी स्पष्ट नकार देतो.

परवानगीपेक्षाही मोठा प्रश्न वाऱ्याचा आहे. भारतीय मानकात बडोद्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे. नऊ फुटांवरची सहा पॅनेल ही अशा वाऱ्यात शिडासारखी ओढ घेतात. पाय नुसते स्लॅबवर फास्टनरने ठोकणे पुरेसे नाही; ते शक्यतो खांबांच्या किंवा तुळयांच्या रेषेत यावेत, पायथ्याशी काँक्रीटचे ठोकळे असावेत आणि छिद्रांभोवती वॉटरप्रूफिंग पुन्हा करून द्यावे. घर जुने असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आम्ही कोणी मागितला नसला तरी घेतो.

१०. दांडिया बाजारात आमचा जुना वाडा आहे. गच्ची सामायिक आहे. आम्हाला सोलर मिळेल का?

मिळू शकते, पण आधी गच्चीवरचा हक्क कागदावर यावा लागतो. जुन्या वाड्यांत आणि पोळांतल्या (जुन्या शहरातल्या दाट गल्ल्यांतल्या) घरांत खोल्यांची वाटणी झालेली असते, मीटर वेगवेगळी असतात, पण छप्पर सगळ्यांचे एकत्र राहिलेले असते. अशा वेळी सर्व सहमालकांचे संमतिपत्र घ्यावे आणि त्यात कोणत्या बाजूचे किती चौरस फूट कोणाच्या संचासाठी, पॅनेल धुण्यासाठी जिना वापरण्याचा हक्क, आणि छपराची दुरुस्ती निघाल्यास संच काढून पुन्हा बसवण्याचा खर्च कोणी करावयाचा, हे तिन्ही मुद्दे लिहावेत. १ किलोवॅटला सावलीविरहित सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. लाकडी वाशांवर कौले किंवा पत्रा असेल, तर वाशांची ताकद तपासल्याखेरीज मी काम घेत नाही, आणि अनेकदा वाशांची अवस्था पाहून काम नाकारलेही आहे. लाकूड कुजले असेल तर कोणताही कागद त्याला आधार देत नाही.

११. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करावे?

दोन मार्ग आहेत. सोसायटीने लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या सामायिक मीटरवर संच बसवावा. त्यासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे, आणि प्रति घर ३ किलोवॅट या हिशेबाने ५०० किलोवॅटपर्यंतची मर्यादा आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव इतिवृत्तात नीट लिहिलेला असला की हा अर्ज सहसा अडत नाही. दुसरा मार्ग एखाद्या सभासदाने आपल्या मीटरसाठी गच्चीचा काही भाग वापरण्याचा. त्याला सोसायटीचे ना-हरकत पत्र लागते. माझा अनुभव असा की पहिल्या चार सभासदांनी सगळी गच्ची व्यापली की पाचवा मागायला येतो आणि तंटा सुरू होतो, म्हणून प्रत्येकाचा वाटा ठरवल्याशिवाय कोणालाच ना-हरकत देऊ नये.

१२. ओळखीचा एक जण स्वस्तात पॅनेल देतो. तीच लावली तर चालतील का?

अनुदान हवे असेल तर पॅनेल देशात बनलेली असावी लागतात आणि त्यांतले सेलही देशातच बनलेले असावे लागतात. बाजारात यांना डीसीआर पॅनेल म्हणतात. प्रत्येक पॅनेलचा सिरियल नंबर पोर्टलवर भरला जातो आणि तो जुळला नाही तर अनुदान अडते. अनुदान नको असेल तरी पॅनेलचे मॉडेल सरकारमान्य यादीत असावे.

१३. पॅनेल बसली आहेत, नेट मीटर आलेले नाही. तोवर संच चालू केला तर काय बिघडते?

कृपया करू नये. परवानगीशिवाय ग्रिडला जोडणे नियमबाह्य आहेच, पण सोबत खिशालाही फटका बसतो. अनेक जुनी इलेक्ट्रॉनिक मीटर उलटी गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतात. एका घरी जावयाने इन्व्हर्टरचा स्विच सहज चालू करून पाहिला आणि तो तसाच राहिला. दुपारी घर बंद असे, वीज बाहेर जाई आणि मीटर पुढे पळे. त्या दोन महिन्यांचे बिल नेहमीच्या दुपटीहून जास्त आले. आता आम्ही काम संपल्यावर एसी बाजूचा ब्रेकर बंद करून त्यावर चिठ्ठी चिकटवतो आणि फोटो काढून ठेवतो.

१४. ठेकेदाराला पैसे कोणत्या टप्प्याने द्यावेत? आणि जीएसटी किती?

अर्ज नोंदताना थोडी रक्कम, साहित्य गच्चीवर आल्यावर मोठा हप्ता, बसवणी पूर्ण झाल्यावर पुढचा आणि नेट मीटर लागल्यावर शेवटचा, अशी वाटणी दोघांनाही न्याय देणारी आहे. शेवटचा हप्ता साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असावा. काही ग्राहक निम्मी रक्कम मीटर येईपर्यंत रोखतात. त्यांची भीती मला समजते, पण त्यांनीही समजून घ्यावे की पॅनेल आणि इन्व्हर्टर आम्ही रोखीने आणतो, आणि मीटर कधी यावे हे आमच्या हातात नसते. एका वेळी दहा-बारा घरांचे पैसे असे अडकले की लहान ठेकेदाराला कामगारांचा पगार भागवणे कठीण होते. माझ्या ओळखीच्या दोघांनी याच कारणाने हा व्यवसाय सोडला, आणि त्यांनी बसवलेल्या संचांची पाच वर्षांची देखभाल, जी योजनेनुसार ठेकेदाराने द्यावयाची असते, ती आता करायला कोणी नाही.

जीएसटीसाठी एकूण रकमेचे ७० टक्के वस्तू आणि ३० टक्के सेवा असे भाग धरले जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तूंवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला, सेवेवरचा १८ टक्केच राहिला. त्यामुळे १ लाख रुपयांच्या कामावर आधी १३,८०० रुपये कर पडत असे, तो आता ८,९०० रुपये पडतो.

१५. मुदत उलटून गेली. तक्रार कुठे आणि कशी करावी?

पहिली पायरी पोर्टलवरची तक्रार आणि त्याच मजकुराचे पत्र कार्यकारी अभियंत्याला. पत्रात रागाची वाक्ये नकोत. अर्जाची तारीख, प्रत्येक त्रुटी कधी कळली आणि कधी दूर केली त्या तारखा, आणि प्रश्न ४ मधल्या नियमाचा उल्लेख एवढेच असावे. उत्तर आले नाही तर वीज कायदा, २००३ नुसार स्थापन झालेल्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे, तिथेही समाधान झाले नाही तर विद्युत लोकपालाकडे. मंचासमोर वकील लावावा लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो, त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि 'माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणती कार्यवाही झाली' एवढाच प्रश्न विचारला तरी फाइल जागची हलते.

तक्रार ग्राहकाने स्वतःच्या नावाने करावी. ठेकेदाराने केली तर पुढच्या प्रत्येक फाइलला त्याची किंमत मोजावी लागेल ही भीती आमच्या व्यवसायात खोल बसलेली आहे. ही भीती बाळगावी लागते याचे मला वाईट वाटते, पण ती लपवून ग्राहकाला भलता भरवसा देणे मला बरोबर वाटत नाही. कागद तयार करून देणे, तारखा जुळवणे, सोबत येणे हे सगळे आम्ही करतो.

१६. वीज गेल्यावर सोलर का बंद पडते?

बॅटरी नसलेला ग्रिडवरचा संच वीज जाताच आपोआप बंद होतो, कारण तो चालू राहिला तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर वीज येईल. ही संचातली उणीव नसून अनिवार्य सुरक्षा आहे. पाहणीच्या वेळी ती आणि तीन स्वतंत्र अर्थिंगे, म्हणजे एसी, डीसी आणि तडितरोधकाचे (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचे), आवर्जून तपासली जातात.

१७. शेजारी वरचा मजला चढवतो आहे, पॅनेलवर सावली पडेल. हरकत घेता येईल का?

शेजाऱ्याचे बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे असेल तर फारसे काही करता येत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात प्रकाशाचा हक्क मिळतो तो इमारतीला, आणि वीस वर्षे अखंड उपभोग घेतल्यावर. दोन वर्षांपूर्वी लावलेल्या पॅनेलला त्याचा आधार नाही. म्हणून पाहणीच्या वेळी मी शेजारच्या घराचे खांब वर सळया सोडून ठेवलेले आहेत का हे आधी बघतो. सळया दिसल्या की मजला आज ना उद्या चढणार असे समजून पॅनेल त्या बाजूपासून दूर घेतो.

१८. पुरात इन्व्हर्टर बुडाला. तो आता वरच्या मजल्यावर हलवायचा आहे. पुन्हा सगळा अर्ज करावा लागेल का?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा गच्चीवरची पॅनेल कोरडी आणि पार्किंगमधले इन्व्हर्टर पाण्याखाली, अशी स्थिती अनेक घरांत झाली. तीच क्षमता आणि तेच मॉडेल ठेवून फक्त जागा बदलत असेल तर नवा अर्ज लागत नाही, पण उपविभाग कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी. मॉडेल बदलले तर नवा सिरियल नंबर आणि चाचणी अहवाल द्यावा लागतो. बुडालेला इन्व्हर्टर वाळवून स्वतः चालू करू नये. नेट मीटरही पाण्यात गेले असेल तर ते कंपनीचे माणूसच बदलते. नव्या कामात आम्ही इन्व्हर्टर जिन्याच्या वरच्या टप्प्यावर, उन्हापासून आडोशाला बसवतो. डीसी वायरही त्यामुळे कमी लागते.

१९. संच असलेले घर विकले तर?

विक्रीच्या दस्तऐवजात संचाचा क्षमतेसह उल्लेख करावा आणि लाइट बिलाचे नाव बदलताना नेट मीटरचा करारही नव्या मालकाच्या नावाने करून घ्यावा. दुसरी गोष्ट राहून जाते, आणि मग जमा युनिटे जुन्या मालकाच्या नावाने दिसत राहतात. पॅनेल, इन्व्हर्टर यांची वॉरंटीपत्रे आणि देखभालीचा करार नव्या मालकाच्या हाती द्यावा. पॅनेल काढून नव्या घरी न्यायची असतील, तर जुन्या जोडणीवरचे नेट मीटर रीतसर बंद करून नव्या पत्त्यावर प्रश्न १ पासूनची सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते.